‘सर, जरा बघता का?’ : डॉक्टर, नर्स आणि समाजसेवकांनी एकत्र सराव का करायचा

बाळंतिणीच्या टेबलाखालच्या ट्रेमध्ये लाल पाणी साचत चाललं होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी ते बघत होती. शेजारी इंटर्न डॉक्टर केसपेपर लिहीत उभा होता. ती हळूच म्हणाली, ‘‘सर, जरा बघता का?’’ तो मान वर न करता म्हणाला, ‘‘हो, एक मिनिट.’’ आणि ती थांबली. ते एक मिनिट तीन मिनिटं वीस सेकंद चाललं. मी काचेच्या पलीकडे घड्याळ लावूनच बसले होते, म्हणून नेमकं सांगता येतं.

रक्त खोटं होतं: पाणी, लाल खाद्यरंग आणि दाटपणासाठी थोडं कॉर्नफ्लोअर. बाळंतीण म्हणजे आमच्या कॉलेजातल्याच एक सिस्टर, पोटावर रबरी गर्भाशय आणि रक्ताची पिशवी बांधून आडव्या झालेल्या. पिशवीची कळ त्यांच्याच हातात. कुणी पोट चोळलं नाही (चोळल्यानं गर्भाशय आवळतं आणि रक्त आटोक्यात येतं), मदत मागवली नाही, तर त्या रक्त सोडत राहणार असं ठरलेलं. त्यांनी सोडलं.

नंतर सगळे गोल करून बसलो तेव्हा ती मुलगी म्हणाली, ‘‘रक्त जास्त जातंय ते मला कळलं होतं मॅडम. पण सर लिहीत होते ना.’’ इंटर्नचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणाला, ‘‘मला वाटलं, हिला सही हवीय.’’

या दोन वाक्यांसाठी आम्ही पिशवी भरतो, कॅमेरे लावतो, दोन कॉलेजांची वेळापत्रकं जुळवतो.

या प्रकाराला ‘इंटरप्रोफेशनल सिम्युलेशन’ म्हणतात. सिम्युलेशन म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी बाहुलीवर, नटावर किंवा दोन्ही मिळून केलेला सराव. इंटरप्रोफेशनल म्हणजे वेगवेगळ्या पेशांची मुलं त्यात एकत्र: एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, एमएसडब्ल्यू (म्हणजे समाजकार्य). ब्रिटनमध्ये १९८७ पासून काम करणाऱ्या ‘केप’ या संस्थेची यावरची व्याख्या जगभर वापरली जाते. तिचा मथितार्थ असा, की दोन किंवा अधिक पेशांची माणसं एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, तेव्हाच ते खरं एकत्र शिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली याच पायावर आपला आराखडा मांडला. गोम त्या तीन शब्दयोगींत आहे. एका मोठ्या हॉलमध्ये नर्सिंगची आणि मेडिकलची मुलं बसवून एकच लेक्चर दिलं, तर ‘सोबत’ होतं. ‘कडून’ आणि ‘विषयी’ राहून जातं. अशी ‘एकत्र’ लेक्चरं आपल्याकडे भरपूर होतात आणि अहवालात त्यांचे फोटोही छान येतात.

नाटकवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नट, प्रकाशयोजनावाले, संगीतवाले, पडदा ओढणारा, सगळे रंगीत तालमीला एकत्र असतात. दवाखान्यात मात्र प्रत्येक जण आपापले संवाद आपापल्या घरी पाठ करून येतो आणि पहिली भेट थेट प्रयोगात होते. समोर प्रेक्षक नसतो, जीव असतो.

इंग्लंडमधली एक गोष्ट या क्षेत्रातल्या बहुतेकांना ठाऊक असते. २९ मार्च २००५. इलेन ब्रॉमिली, वय ३७, दोन मुलांची आई. सायनसची साधी शस्त्रक्रिया. भूल दिल्यावर श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठी घालायचा मास्क बसेना. ऑक्सिजन घसरू लागला. भूलतज्ज्ञ मदत मागतात, दुसरे भूलतज्ज्ञ येतात, कान-नाक-घसा सर्जन तिथेच. तिघेही अनुभवी. तिघेही घशातून नळी घालण्याचा प्रयत्न करत राहतात. जमत नाही, पुन्हा प्रयत्न. सुमारे वीस मिनिटं शरीरातला ऑक्सिजन जीवघेण्या पातळीवर.

आता त्याच खोलीतल्या नर्सेसकडे बघा. एकीनं गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करण्याचा संच आणून ठेवला आणि तो तयार असल्याचं सांगितलं. दुसरीनं आयसीयूत फोन करून खाट मोकळी आहे का विचारलं आणि तसं येऊन कळवलं. डॉक्टरांच्या नजरेत तिला ‘इतकं काय झालंय?’ असं दिसलं, आणि तिनं परत फोन करून खाट रद्द केली. काय करायला हवं हे त्या खोलीत माहीत होतं. पण ज्यांना माहीत होतं त्यांचं म्हणणं, ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. इलेन शुद्धीवर आल्याच नाहीत. १३ दिवसांनी त्या गेल्या.

त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली विमानाचे पायलट. त्यांनी विचारलं, की अपघाताची चौकशी कधी होणार? उत्तर मिळालं, की कोणी तक्रार किंवा दावा केल्याशिवाय अशी चौकशी सहसा होत नाही. विमान वाहतुकीतल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! त्यांनी स्वतंत्र चौकशीचा आग्रह धरला, अहवाल सगळ्यांसाठी खुला केला, आणि २००७ साली ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ सुरू केला. कुणाला शिक्षा व्हावी असं त्यांनी कधी मागितलं नाही. म्हणूनच बहुधा डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं.

पायलटांनी हाच धडा आधी फार महागात घेतला होता. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. डच विमान धावपट्टीवर धावू लागलेलं, आणि त्याच पट्टीवर समोर अमेरिकी विमान. डच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. ते दुसरं विमान पट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्यानं विचारलंही. झालंय, असं कॅप्टननं ठासून सांगितलं. कॅप्टन म्हणजे त्या कंपनीतलं बडं प्रस्थ, इतर वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअर गप्प बसला. ५८३ माणसं गेली. त्याच्या त्या प्रश्नात आणि आमच्या मुलीच्या ‘जरा बघता का?’मध्ये मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही सांगायचं होतं, आणि दोघांनी विचारलं.

१९७९ साली नासाच्या एका कार्यशाळेत यावर चर्चा झाली आणि पुढच्या काही वर्षांत विमान कंपन्यांनी अख्ख्या चमूला एकत्र बसवून बोलायचं कसं, ऐकायचं कसं, याचं प्रशिक्षण सुरू केलं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञांनी ते तिथून उचललं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं.

बाहुल्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाच्या सुईणीनं कापड आणि चामड्याची, आत कापूस भरलेली बाळंतिणीची प्रतिकृती बनवली. १७५९ मध्ये राजानं तिला देशभर फिरून शिकवायचा हुकूम दिला. ती गावोगावच्या बायकांना शिकवायची आणि शल्यवैद्यांनाही. १९६० साली नॉर्वेतले खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्दाल यांनी तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी ‘अ‍ॅन’ काढली. आमच्या लॅबमधली अ‍ॅन आता इतकी जुनी झाली आहे, की मुलं तिला आजी म्हणतात. आणि १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदूतज्ज्ञानं रुग्णाचं सोंग घेणारी शिकवलेली माणसं विद्यार्थ्यांपुढे बसवायला सुरुवात केली. सहकाऱ्यांनी त्याची टिंगल केली. आज अनेक देशांत वैद्यकीय परीक्षांतही अशी माणसं बसवतात.

म्हणजे बाहुली जुनी, नटही जुना. नवीन आहे ते बाहुलीभोवती कोणाला उभं करायचं याचा विचार.

एक फेरी कशी चालते ते सांगते. आधी दहा मिनिटं नुसती ओळख: खोली कशी आहे, ऑक्सिजन कुठे, बाहुलीला नाडी कुठे लागते, कुठे नाही. मग एक करार. ही परीक्षा नाही, मार्क नाहीत, इथलं बोलणं इथेच राहील. आणि खोटं आहे हे माहीत असूनही सगळ्यांनी खरं समजून वागायचं. हा भाग गुंडाळला की पुढचं सगळं फसतं. मुलं बाहुलीला हसतात किंवा घाबरून पुतळ्यासारखी उभी राहतात.

मग प्रसंग, दहा-पंधरा मिनिटांचा. काचेमागून कोणी तरी बाहुलीचा आवाज होतं, कोणी मॉनिटरवरचे आकडे हलवतं. प्रसंग लिहितानाच त्यात प्रत्येक पेशाला खरं काम ठेवावं लागतं. फिजिओची मुलगी कोपऱ्यात उभी राहून गेली, तर ती त्या दिवशी एवढंच शिकली, की फिजिओनं कोपऱ्यात उभं राहायचं असतं.

आणि मग डिब्रीफिंग, म्हणजे झालेल्या प्रसंगावर गोल करून बसून बोलणं. प्रसंगाच्या दुप्पट-तिप्पट वेळ याला द्यायचा असतो, आणि आपल्याकडे वेळ नाही म्हणून पहिली कात्री यालाच लागते. घोडचूक! प्रसंग म्हणजे शेतातून आणलेलं धान्य; दळण इथे होतं. पहिला प्रश्न ‘काय चुकलं?’ असा नसतो. ‘कसं वाटलं?’ असा असतो, कारण भांड्यात वाफ कोंडलेली असताना झाकण उघडून आमटी ढवळता येत नाही. मग घटना. शिकवणाऱ्यानं आपण काय पाहिलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटलं तेही सांगायचं, आणि मग खरोखर विचारायचं: ‘‘ट्रेमध्ये पाचशे मिलीच्या वर रक्त होतं तेव्हा तुम्ही लिहीत होता असं मी पाहिलं. मला काळजी वाटली. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?’’ शेवटचा प्रश्न मनापासून विचारला गेला तरच ‘मला वाटलं सही हवीय’ हे उत्तर बाहेर येतं. ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ असं विचारलं असतं, तर तो ‘सॉरी मॅडम’ म्हणून मोकळा झाला असता.

रक्ताचा अंदाज डोळ्यांनी घेतला की तो बहुतेक वेळा कमी येतो, तेही याच वेळी दाखवतो. भिजलेली कापडं तराजूवर ठेवायची, कोरड्या कापडाचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. त्या दिवशी इंटर्न म्हणाला ३००, मुलगी म्हणाली ५००. तराजू म्हणाला ७२०.

बोलण्याच्या काही ठरीव रीतीही शिकवतो. फोनवर वरिष्ठांना सांगायचं तर चार पायऱ्या: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. ही रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. मराठीत ती अशी उतरते: ‘‘मॅडम, लेबर रूममधून बोलतेय. बाळंतपण होऊन वीस मिनिटं झाली, सातशे मिलीच्या वर रक्त गेलंय. दुसरी खेप, आधी हिमोग्लोबिन नऊ होतं. गर्भाशय मऊ लागतंय. तुम्ही लगेच या, आणि रक्त मागवू का ते सांगा.’’ पंधरा-वीस सेकंद. नाही तर आमची बोलायची पद्धत म्हणजे ‘मॅडम, ते अकरा नंबरचं पेशंट आहे ना, सकाळी आलेलं…’

समोरासमोर अडवायचं असेल तर चढती पायरी: ‘मला काळजी वाटतेय’, मग ‘मला हे ठीक वाटत नाही’, मग ‘थांबा, हे सुरक्षित नाही’. मुली म्हणतात, मॅडम, सरांना ‘थांबा’ कसं म्हणायचं? मी म्हणते, ‘थांब’ नाही म्हणत आहोत ना. मराठीनं आदर त्या ‘बा’मध्ये आधीच घालून दिलाय, तो वापरा. हसतात, पण दुसऱ्या फेरीत एखादी म्हणते.

समाजसेवेच्या विद्यार्थ्यांचं इथे काय काम, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. याचंही उत्तर लंडनमधल्या एका मृत्यूत आहे. व्हिक्टोरिया क्लिम्बिए, आठ वर्षांची, आयव्हरी कोस्टहून नातेवाइकाबरोबर आलेली मुलगी. २५ फेब्रुवारी २००० रोजी छळानं मरण पावली. रुग्णालयं, पोलीस, समाजसेवा खातं, सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं. एका रुग्णालयात अंगावरच्या खुणांचं निदान खरूज झालं, आणि पुढच्या खात्यापर्यंत जाताना त्याचं ‘काळजीचं कारण नाही’ झालं. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालानं तिला वाचवता आलं असतं अशा किमान १२ संधी मोजून दाखवल्या. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि समाजसेवा हे दोन शब्द अभ्यासक्रमात जोडून येतात, त्यामागे असे प्रसंगही आहेत.

आपल्याकडे हे परकं नाही. देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. सरकारी रुग्णालयात आजही समाजसेवा अधीक्षक असतात. पण वॉर्डात त्यांची आठवण होते ती बिल माफ करायचं असलं की, किंवा बेवारस रुग्ण आला की. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून उभं केलेलं ‘दिलासा’ केंद्र मात्र दाखवून देतं, की घरात मारहाण सोसणारी बाई आधी दवाखान्याच्या दारात येते. तिथल्या माणसाला ते ओळखता आलं पाहिजे.

म्हणून आमचा दुसरा प्रसंग कॅज्युअल्टीतला असतो. बाई कपाळाला खोक घेऊन येते. ‘बाथरूममध्ये पडले.’ शेजारी नवरा, अतिशय नम्र, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देतो. (बाईचं काम करणाऱ्या नटीला आधीच विचारून घेतो, हा विषय तुम्हाला जड जाणार नाही ना? आणि नंतर तिच्याशी वेगळं बोलतो. हे विसरायचं नाही.) डॉक्टर टाके घालतो, सुबक. नर्सला दंडावरच्या जुन्या, पिवळट पडलेल्या खुणा दिसतात. एमएसडब्ल्यूचा मुलगा बघतो, की बाई बोलण्याआधी प्रत्येक वेळी नवऱ्याकडे पाहते. तिघांकडे एकेक तुकडा. ते तुकडे एकमेकांना दाखवायला त्यांना खोलीबाहेर दोन मिनिटं हवी असतात, आणि ती मागायला कुणी धजत नाही. एका तुकडीत नर्सिंगच्या मुलीनं नवऱ्याला सरळ सांगितलं, ‘‘दादा, केसपेपर खिडकीवर जाऊन करून आणा.’’ दादा गेले. काचेमागे आम्ही टाळ्या वाजवल्या. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही, पण आपल्या कॅज्युअल्टीत हमखास चालते.

आता अवघड प्रश्न: याचा रुग्णांना उपयोग होतो का? ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात २००० सालापासून प्रसूती विभागातल्या सगळ्यांनी, सुईणी आणि डॉक्टर दोघांनीही, एकत्र सराव सुरू केला. जन्मताना ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांचं प्रमाण दर दहा हजार जन्मांमागे २७.३ वरून १३.६ वर आलं. बाळाचा खांदा अडकलेल्या प्रसूतींत बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. आकडे बघून सगळे भारावले. मग स्कॉटलंडमध्ये १२ प्रसूती विभागांत हेच प्रशिक्षण नेऊन नीट चाचणी घेतली, तर जन्मताच बाळाच्या प्रकृतीला देतात त्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही.

मला हा निकाल लपवावासा वाटत नाही. साउथमीडचा सराव त्यांच्या स्वतःच्या वॉर्डात, स्वतःच्या ट्रॉल्यांसह, दरवर्षी, कुणालाही सूट न देता चालला होता; त्यांनीच तो आपल्या अडचणींतून घडवला होता. दुसऱ्याच्या घरचं विरजण आणलं म्हणून आपल्या दुधाचं दही लागेलच असं नाही. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात बाळाला पहिला श्वास द्यायचं प्रशिक्षण साध्या, पाणी भरायच्या बाहुलीवर झालं. तो काही खास वेगवेगळ्या पेशांना जोडण्याचा प्रयोग नव्हता, पण प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ वर आलेलं दिसलं. बाहुली किती महाग, यावर फारसं अवलंबून नसतं, हे मी एवढ्यावरून म्हणायला धजते. कोट्यवधीच्या लॅबमध्ये प्लास्टिकचं आवरणही न काढलेल्या बाहुल्या मी पाहिल्या आहेत.

आपली अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्रात एमबीबीएस, नर्सिंग आणि फिजिओथेरपी या तिन्ही पदव्या नाशिकचं एकच आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. तरी नियम करणाऱ्या परिषदा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या, परीक्षा वेगळ्या, होस्टेलच्या बसा वेगळ्या. एमएसडब्ल्यू तर विद्यापीठच दुसरं. दोन कॉलेजांच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक गेट असतं, आणि त्या गेटाची किल्ली वॉचमनमामांकडे. आमची पहिली एकत्र फेरी त्या किल्लीपायी चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली होती.

त्या दिवशीची ती जोडी आम्ही पुन्हा उभी केली. भूमिका बदलल्या नाहीत, फक्त पिशवी पुन्हा भरली. या वेळी दीड मिनिट झालं आणि मुलगी म्हणाली, ‘‘सर, लिहिणं थांबवा. पाचशेच्या वर गेलंय, गर्भाशय मऊ आहे. मी पोट चोळतेय, तुम्ही ऑक्सिटोसिनची ड्रिप लावा.’’ इंटर्ननं पेन खिशात ठेवलं, ड्रिप लावली, मॅडमना फोन केला, चारही पायऱ्या नीट. सिस्टरनी कळ अर्धी बंद केली.

ब्लड बँकेला मात्र कुणीच कळवलं नाही. तिला वाटलं त्यानं सांगितलं असेल, त्याला वाटलं तिनं. मी ट्रे धुऊन आणायला सांगितला आणि खाद्यरंगाची बाटली उघडली.